मांडी मायेची, आसन सुरक्षेचे
(माता-पालक मेळाव्यातील भाषण)



बाळ-बाळंतीण सुखरूप घरी जावी, यासाठी आमचा प्रसूती विभाग अहोरात्र झटतो. तथापि दारात मोटार उभी राहते आणि बाळ आजीच्या मांडीवर विसावते, तेव्हा आमची काळजी सरत नाही. मांडीइतकी मायेची जागा दुसरी नाही. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाने धडकणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून कोसळणे होय. त्या क्षणी कोणाचेही हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत.

यासाठी बालआसन हवे. कन्व्हर्टिबल आसन आधी पाठमोरे व मूल मोठे झाल्यावर समोर तोंड करून वापरता येते. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली असता पाठमोरे आसन डोके, मान व पाठ यांना एकत्रित आधार देते. म्हणून पहिला वाढदिवस होताच आसन फिरवण्याची घाई करू नये. त्या आसनासाठी ठरवून दिलेली वजनाची वा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल पाठमोरेच बसवावे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीनेही २०१८ मध्ये सांगितले. पाय दुमडले म्हणून बिघडत नाही.

आसन मागच्या सीटवर बसवावे. चालू एअरबॅगसमोर पाठमोरे आसन कदापि ठेवू नये. पट्टा जेथून ओवला जातो तेथे हलवून पाहावे. आसन अडीच सेंटिमीटरहून अधिक हलता कामा नये. पाठमोऱ्या बाळाचे पट्टे खांद्यांच्या पातळीत वा किंचित खाली असावेत आणि खांद्यापाशी चिमटीत येणार नाहीत इतके घट्ट असावेत. जाड दुपटे पट्ट्यांच्या आत नको. पट्टे आवळून मग वरून पांघरावे. हनुवटी छातीवर टेकणार नाही, इतके आसन कललेले असावे.

नातलगांकडून आलेले आसन अपघातात सापडलेले नाही व त्याची मुदत संपलेली नाही, याची खात्री करावी.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड ठरवला आहे. परंतु आमची विनंती दंडाच्या भयापोटी नाही. पाळणा बाराव्या दिवशी लागतो; आसन मात्र घरी जाण्याच्या पहिल्याच प्रवासात लागते. ते प्रसूतीपूर्वीच आणून बसवून पाहावे, ही आग्रहाची विनंती.