वाळू, अत्ताळम आणि ‘जेवणं झाली का?’

रात्रीच्या जेवणाला तुमच्या गावात काय म्हणतात? प्रश्न साधा आहे, पण भारतभर पसरलेल्या मराठी घरांत त्याची उत्तरं मोठी गमतीची मिळतात.

गुजरातेत हे जेवण म्हणजे ‘वाळु’. बडोद्याला नव्यानं आलेल्या मराठी माणसाला शेजारीण म्हणते, “वाळु करीने जजो.” त्याला वाटतं, रेतीचं काय करायचं? ती म्हणत असते, जेवून जा! ब्रजकडे त्यालाच ‘ब्यालू’ म्हणतात. आपण मात्र बोलताना सरळ ‘रात्रीचं जेवण’ म्हणतो.

मराठीची श्रीमंती जेवणाच्या आधीच्या वेळेत आहे. तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण. गंमत अशी, की आपली आजी म्हणायची, तिन्हीसांजेला जेवू नये, आधी दिवा लावा. आणि चोविहार पाळणारा जैन शेजारी दिवे लागायच्या आत जेवण उरकतो, कारण सूर्यास्तानंतर त्याला पाणीसुद्धा वर्ज्य. रमजानात तोच सूर्यास्त झाला की पलीकडच्या घरात इफ्तार सुरू होतो. सूर्य एकच. एकाचं ताट तो उचलतो, दुसऱ्याचं मांडतो.

मला सर्वांत भावतो तो मल्याळम शब्द, ‘अत्ताळम’. म्हणजे रात्रीचं जेवण. केरळात जुन्या घरांतून एक रीत होती. रात्री फाटक लावण्यापूर्वी घरातलं कुणीतरी बाहेर येऊन मोठ्यानं विचारी, “अत्ताळप्पट्टिणिक्कार उंडो?” रात्रीच्या जेवणावाचून राहिलेलं कुणी आहे का? उत्तर आलं, तर त्याला जेवायला वाढत. मगच दार बंद.

ही हाक आता घराघरांतून ऐकू येत नाही. आपल्याकडे तिच्या जवळचं काय उरलंय? मला वाटतं, “जेवणं झाली का?” रात्री फोनवर आपण हे सवयीनं विचारतो आणि “झाली” ऐकून पुढच्या विषयाकडे वळतो. पण परराज्यात खोली घेऊन राहणारा मुलगा, एकटी उरलेली मावशी, सोसायटीच्या दारावर रात्रपाळी करणारा राखणदार, यांचं ‘झालं’ दरवेळी खरं असतंच असं नाही.

म्हणून आज रात्री हाच प्रश्न जरा थांबून विचारा. “काय जेवलात?” असं विचारा. आणि उत्तर अडखळलं, तर एक पान जास्त मांडा.