दलालाशी बोलताना

घर घ्यायचे म्हटले की दलाल आलाच. त्याला वैरी मानू नका, सोयराही समजू नका. आधी त्याचा हिशेब पाहा. समजा, घराची किंमत ५० लाख आणि दलाली शेकडा २. मालकाने २ लाख उतरवले, तर तुमचे २ लाख वाचतात. दलालाचे बुडतात अवघे ४ हजार. पण सौदाच मोडला, तर त्याचा पुरा लाख जातो. म्हणजे भावापेक्षा सौदा लवकर जुळण्याची निकड त्याला अधिक. दोघांपैकी जो वाकेल, त्यालाच तो वाकवणार! म्हणून आपली शेवटली रक्कम त्याच्यापाशी बोलू नये. “दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आजच विसार द्या,” असे तो म्हणेल. म्हणू द्या. कागदपत्रे वकिलाने पाहिल्यावाचून विसार देऊ नका. रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातले घर असेल, तर २०१६ च्या त्या कायद्याप्रमाणे दलालाचीही नोंदणी लागते. तिचा क्रमांक मागा. दलाली किती, केव्हा, हे आधीच लिहून घ्या. निदान निम्मी तरी खरेदीखत नोंदल्यावर द्यावी. आणि भावाची अखेरची बोलणी मालकासमोर बसूनच करा.