वायरमनची चालती-बोलती शाळा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि नागरिकांनी ऐकावे असा प्रघात महाराष्ट्रात पडला आहे. मी विद्वान नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत असता जे पाहिले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. विजेच्या तारा दुरुस्त करणारे आपले वायरमन हल्ली आपल्याच मोबाईलवर लहान लहान व्हिडिओ तयार करून एकमेकांना काम समजावून देऊ लागले आहेत. विषय किरकोळ वाटेल. परंतु त्यात माणसाच्या प्राणाचा प्रश्न गुंतला आहे, आणि तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचतो.

प्रथम काम काय असते ते पाहू. उपकेंद्रातून निघालेल्या फीडरवर ११,००० व्होल्टचा दाब असतो. गावाजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर तो ४३३ व्होल्टपर्यंत उतरतो आणि आपल्या घरात सुमारे २३० व्होल्टने वीज येते. वळवाचा वारा सुटला, फांदी पडली, जम्पर तुटला, की आपला पंखा थांबतो. जम्पर म्हणजे खांबावर एका बाजूची तार दुसऱ्या बाजूच्या तारेस जोडणारा तुकडा. तो जोडण्यास फार वेळ लागत नाही; वेळ लागतो तो त्याआधीच्या तयारीस. उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावयाचे, फीडर बंद झाल्याची खात्री करावयाची, जागेवरचा ए.बी. स्विच उघडावयाचा, त्यास कुलूप लावावयाचे, तारेत वीज नाही हे तपासावयाचे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशी जोडून टाकावयाच्या. ज्या माणसाला ही तयारी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, तो फार दिवस खांबावर चढत नाही.

हे सारे नियमांत लिहिलेले आहे. मग व्हिडिओ कशाला? एक उदाहरण देतो. पुस्तकात लिहिलेले असते, 'स्विच उघडावा.' स्विचचा दांडा खाली ओढला की तो उघडला, असे नवशिक्या माणसाला वाटते. पण वर तीन पाती असतात. जुन्या, गंजलेल्या स्विचमध्ये दांडा पुरता खाली येतो, दोन पाती उघडतात, आणि तिसरे अडकून जागीच राहते. एका बाजूने पाहिले तर तिन्ही उघडी दिसतात. चार पावले चालून दुसऱ्या बाजूने पाहिले, तरच अडकलेले पाते दिसते. ही चार पावले शब्दांत कितीही समजावली तरी मनावर ठसत नाहीत. आमच्या एका जुन्या वायरमनने बंद लाईनवरच्या अशाच एका स्विचचा व्हिडिओ केला. मोबाईल हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूस नेला आणि मागून एवढेच म्हटले, "लेका, दांड्याकडे नोको पाहू, पात्यायकडे पाय." घाटाखालच्या पोराला हे वाक्य ज्या भाषेत कळावयास पाहिजे त्या भाषेत कळले. तारेस जोडावयाच्या डिस्चार्ज रॉडचेही तसेच. आधी जमिनीकडचे टोक पक्के करावयाचे, मग आकडा तारेवर टाकावयाचा, आणि काढताना बरोबर उलट क्रमाने काढावयाचे. क्रम चुकला तर तोच रॉड घात करतो. हा क्रम एकदा डोळ्यांनी पाहिला म्हणजे हातास आठवतो.

पूर्वी हे शिक्षण सोबतीने होत असे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. त्या जमान्यात नवा मदतनीस जुन्या लाईनमनच्या मागे सायकलीवर फिरून वर्षानुवर्षे शिकत असे. २००५ साली मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. पुढे जुनी माणसे निवृत्त होत गेली आणि बाह्यस्रोत कामगार खांबावर दिसू लागले. आज ठेकेदाराकडून आलेला पोरगा उद्या दुसऱ्याच तालुक्यात असतो. गुरू निवृत्त झाला आणि शिष्याचा पत्ता बदलला. ज्ञान मध्येच लोंबकळत राहिले. ते धरून ठेवण्याचे एक साधन म्हणून मी या व्हिडिओकडे पाहतो.

चित्रांतून शिकवण्याचा प्रयोग नवा नव्हे. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम दाखवण्यात आले. प्रयोग मोठा होता, परंतु कार्यक्रम वरून येत होते आणि खेडूत पाहत होते. पुढे १९८४ साली अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने कॅमेरा कष्टकरी स्त्रियांच्याच हाती दिला. त्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आपले काम नि आपली अडचण काय आहे हे त्या उत्तम रीतीने दाखवू शकल्या. तिकडे अमेरिकेत ज्युलियन ऑर या अभ्यासकाने झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहून १९९६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास असे आढळले की, कंपनीने दिलेल्या पुस्तकाने जे भागत नाही, ते कारागीर एकमेकांस सांगितलेल्या हकिकतींतून भागवतात. आपल्या वायरमनांची चहाच्या टपरीवरची बैठक याहून निराळी नाही. मोबाईलने ती टपरी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नेली, एवढेच.

आता आमची पद्धत सांगतो. एका व्हिडिओत एकच बिघाड. लांबी दोन-तीन मिनिटे, म्हणजे जेथे नेटवर्क क्षीण आहे तेथेही तो पोचतो. संगीत नाही. आरंभी महिना, वर्ष आणि यंत्राचा प्रकार तोंडाने सांगावयाचा, कारण यंत्र बदलले की जुना व्हिडिओ रद्द झाला पाहिजे. चित्रण फक्त बंद आणि जमिनीशी जोडलेल्या लाईनवर करावयाचे. मोबाईल धरणाऱ्याने दुसरे काही करावयाचे नाही, आणि काम करणाऱ्याने मोबाईलला हात लावावयाचा नाही. दुरुस्ती दाखवण्याआधी सारी तयारी दाखवावयाची. ती गाळलेला व्हिडिओ आम्ही पुढे पाठवीत नाही. शेवटी, सर्वांत नवखी दोन पोरे तो पाहून आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात. त्यांनी चुकीचे सांगितले, तर दोष त्यांचा नव्हे, व्हिडिओचा. तो नव्याने करावयाचा.

याच्या उलट जातीचेही व्हिडिओ फिरतात, हे मला ठाऊक आहे. हातमोजे नाहीत, पट्टा नाही, चालू तारेवर मर्दुमकी दाखवावयाची आणि खाली टाळ्या. अशा चित्रास मी शिक्षण म्हणत नाही. ते प्राणघातक आमंत्रण आहे.

संघटनेचा कार्यकर्ता म्हणून तीन गोष्टी स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली, व्हिडिओ हा प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. तीन मिनिटांचे चित्र पाहिले म्हणून कोणी तरबेज वायरमन होत नाही, आणि 'व्हिडिओ पाठवला होता' एवढ्यावर कोणाचीही जबाबदारी संपत नाही. दुसरी, शिकवण्यासाठी केलेले चित्र शिक्षा करण्यासाठी पुरावा म्हणून वापरता कामा नये. तसे एकदा झाले, की कामगार खरी अडचण दाखवणार नाही. स्वच्छ, खोटे काम दाखवील. तिसरी, ज्याच्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून तो व्हिडिओ झाला, त्याची संमती आणि त्याचा मान राखला पाहिजे. कामगाराजवळ विकण्यासारखे श्रम असतात हे सर्वांना माहीत आहे. त्याच्याजवळ देण्यासारखी विद्याही असते, हे आपण फार थोड्या वेळा मान्य करतो.

आणि आता आपला उंबरठा. वीज गेली की काही घरांत, दुकानांत जनरेटर सुरू होतो. चेंज-ओव्हर स्विच न बसवता तो घरच्या वायरिंगला जोडला, तर ती वीज उलटी तारेत शिरते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ११,००० चे ४३३ करणारे ते यंत्र उलट बाजूने दाब तितक्याच पटीने, म्हणजे सुमारे पंचवीस पटींनी, वाढवते. आपण घरात दिवा लावतो, आणि बंद समजलेल्या तारेत खांबावरच्या माणसासाठी कित्येक हजार व्होल्ट उभे राहू शकतात. म्हणूनच आमचे व्हिडिओ उपकेंद्राकडच्या बाजूबरोबर गावाकडची बाजूही जमिनीशी जोडावयास शिकवतात. पण त्याने आपली सावधगिरी जोडावी आणि आपण आपली सोडावी, हा न्याय नव्हे. उद्या सकाळी आपल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढा स्विच पाहून घ्या.

यंदाही वळीव येईल, आणि मध्यरात्री कोणीतरी खांबापाशी उभा राहील. त्याला फोन करून 'किती वेळ लागेल?' असे विचारण्यापूर्वी, तो आता कदाचित चार पावले चालून तिसरे पाते पाहत असेल, एवढे मनात आणावे. त्या चार पावलांना लागणारा वेळ आपण त्यास खुशीने द्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.