हात कापतो, पण कशाने?



जठारपेठेत सायंकाळी फिरावयास निघावे, तर एखाद्या ओट्यावर थरथरत्या हाताचे आजोबा दिसतात. शेजारी म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" शिकलेला नातू म्हणतो, "पार्किन्सन आहे." या दोघांच्याही घाईविषयी आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपण ज्याला कंपवात म्हणतो, त्याचे वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा रोग्यांवरून केले. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झिजल्या, की हालचाल मंदावते, अंग ताठरते आणि पुष्कळांचा, सर्वांचा नव्हे, हात कापू लागतो.

त्या का झिजतात? याचे एकच एक उत्तर नाही. वय हे मोठे कारण. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० माणसांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत ४६ रोगी आढळले. त्या समाजात वृद्ध पुष्कळ, हे येथे ध्यानात घ्यावे. काही घराण्यांत जनुकांचा दोष असतो. काही कीटकनाशकांशीही या रोगाचा संबंध दिसून आला आहे. कपाशीवर फवारणी करणाऱ्या आपल्या वऱ्हाडाने तोंडाला फडके बांधण्याचा आळस करू नये.

परंतु कापणारा प्रत्येक हात पार्किन्सनचा नव्हे. मांडीवर स्वस्थ असता कापणारा हात निराळा आणि कपबशी उचलताना चहा सांडणारा हात बहुधा निराळा. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानेही चाल अडखळते. तज्ज्ञही येथे चुकतात. लंडनमध्ये, हयातीत पार्किन्सनचे रोगी ठरलेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा निदान खरे ठरले ते ७६ जणांचे. हा निष्कर्ष १९९२ सालचा.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ असेच मंदावले. पाय घासत चालत, बोलणे पुटपुटल्यासारखे. घरच्यांनी आशा सोडली होती. एका डॉक्टरांनी मात्र गोळ्यांची पिशवी मागविली. तीत चक्कर थांबविण्याची सिनारिझिनची गोळी निघाली, दोन वर्षे अखंड चाललेली! डॉक्टरांनी ती बंद केली आणि काही महिन्यांत गृहस्थ पुन्हा बाजारहाट करू लागले. उलटीवरची आणि मानसिक विकारांवरची काही औषधेही असाच घोटाळा करतात. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

म्हणून आमचे मागणे एवढेच: आजोबांना डॉक्टरांकडे नेताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. या रोगाचे निदान एका बैठकीत संपत नाही. कंपाला नाव देण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे, इतके सौजन्य आपण त्या थरथरत्या हाताला दाखविलेच पाहिजे.