पायांच्या फुगलेल्या शिरा आणि दुसरी शस्त्रक्रिया

लालबाग-परळच्या चाळींचे जिने चढतांना कठडा धरून मध्येंच थांबणारा वृद्ध गिरणीकामगार श्रोत्यांनीं पाहिला असेल. त्याच्या पोटरीवर नागमोडी निळ्या शिरा दोरीप्रमाणें उठलेल्या असतात. घोट्याजवळची कातडी काळवंडलेली असते. तरुणपणीं साचेखात्यांत पाळीभर त्यानें उभ्यानें काम केलेलें असतें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पायांचें दुखणें मात्र राहिलें. अर्थात् उभें राहणें हें एकच कारण नव्हे. आनुवंशिकता, वय, स्थूलता, बाळंतपणें यांचाहि त्यांत वांटा असतो, म्हणून गिरगांवांतील गृहिणींनाहि हा विकार चुकत नाहीं.

रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीलांत लहान लहान पडदे असतात. ते रक्तास वर जाऊं देतात, खालीं घसरूं देत नाहींत. ते निकामी झाले कीं रक्त सांचून शीर फुगते. जर्मन शस्त्रवैद्य ट्रेन्डेलेनबुर्ग यानें मांडींतील मोठी नीला बांधण्याची शस्त्रक्रिया १८९१ सालीं प्रसिद्ध केली. पुढें ती शीर ओढून काढण्याची रीत आली.

मग एकदां काढलेल्या शिरा पुन्हां येतात कशा? पहिल्या शस्त्रवैद्याचा हात चुकला, असा तर्क घरोघरीं तत्काळ होतो. कधीं तो खराहि असतो. जांघेंतील एखादा फांटा राहून गेलेला असतो. पण काम चोख होऊनहि शिरा परततात. इंग्लंडांत ग्लॉस्टर येथें १३३ पायांचा अकरा वर्षें मागोवा घेण्यांत आला व २००४ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेंकडा ६२ पायांवर शिरा पुन्हां दिसूं लागल्या होत्या. नुसती शीर बांधलेल्या ६९ पायांपैकीं २० पायांच्या जांघेंत पुन्हां शस्त्रक्रियेची गरज पडली. शीर ओढूनहि काढलेल्या ६४ पायांपैकीं केवळ ७ पायांना. बांधलेल्या जागीं शरीर स्वतःच बारीक नव्या शिरा निर्माण करून जुना मार्ग जोडून घेतें, हें मुख्य कारण आढळलें. शरीराच्या या चिकाटीचें कौतुक करावें कीं खेद, हें रोग्यानेंच ठरवावें!

दुसरी खेप पहिलीपेक्षां अवघड असते. जांघेंतील घट्ट वणांतून वाट काढतांना रक्तस्राव होणें, जखम चिघळणें, लसिका झिरपत राहणें, असे उपद्रव अधिक होतात. आणि इतकें सोसूनहि पाय कायमचा सुटला असें म्हणतां येत नाहीं. म्हणून आतां शक्य तेथें जांघ न उघडतां लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनें शीर आंतून बंद करतात, अथवा तींत फेसाळ औषध सोडतात. यासाठीं आधीं रोग्यास उभें करून डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. रक्त कोठून उलट येतें हें समजल्यावांचून दुसऱ्यांदा सुरी लावूं देणें शहाणपणाचें नाहीं.

घोट्यावर न भरणारा व्रण असेल तर गोष्ट वेगळी. व्रणाच्या रोग्यांवरील एका ब्रिटिश प्रयोगांत नुसत्या पट्ट्या बांधलेल्यांत चार वर्षांअंतीं शेंकडा ५६ जणांचा व्रण उलटला. पट्ट्यांबरोबर शस्त्रक्रियाहि झालेल्यांत शेंकडा ३१ जणांचा. केवळ शिरा दिसतात, एवढीच तक्रार असेल त्यानें घाई करूं नये. घट्ट मोजे पुष्कळांना पुरतात. मुंबईच्या उकाड्यांत ते खुंटीवरच राहतात ही गोष्ट निराळी. परंतु सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं, सूज उतरलेली असतांना, ते सहज चढतात. मधुमेही व विडी ओढणाऱ्या मनुष्यानें मात्र पायांच्या रोहिणींतील रक्तप्रवाह तपासून घेतल्यावांचून ते वापरूं नयेत.