गाऊन, पायजमा आणि रस्त्यावरचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कालपासून इथे तलाक, वारसा हक्क, मुलींचं शिक्षण अशा मोठ्या विषयांवर चर्चा झाली. त्यानंतर 'गाऊन घालून रस्त्यावर यावं की नाही' हा विषय मी जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत हसू उमटलं. हसायला माझी हरकत नाही. पण ज्या गोष्टीवर आपण हसतो, त्याच गोष्टीसाठी बायकांना दंड होतो, त्यांचे फोटो फिरवले जातात, हे लक्षात ठेवून हसा.

मी ज्या वस्तीत काम करते तिथे पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि तासाभरात जातं. गेल्या उन्हाळ्यात मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी नळावरच्या बायकांचे फोटो टाकले. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. खाली लिहिलं होतं, "इनके घर में मर्दां नहीं क्या?" एका घरात नवऱ्याने बायकोचं नळावर जाणंच बंद केलं. पाणी तर भरायलाच हवं. मग सातवीतली मुलगी भरायला लागली आणि तिची सकाळची शाळा बुडायला लागली. चोरून फोटो काढणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. नळाची वेळ बदलून द्या, असा अर्ज नगरपालिकेत कुणी दिला नाही. सगळी चर्चा झाली ती गाऊनवर.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा माग काढते आहे. सुरुवात पायजम्यापासून करू, कारण त्याची गोष्ट आपल्याच घरातली आहे.

पायजामा हा फारसी शब्द. पाय आणि जामा, म्हणजे पायाचा कपडा. आपल्याकडे तो कधीच फक्त झोपण्याचा कपडा नव्हता. दरबारात पायजामा होता, मशिदीत होता, लग्नात होता. अलीगढ विद्यापीठात शेरवानीखाली पायजामा हाच औपचारिक पोशाख. पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी लेंगा, सदरा आणि टोपी घालून बाजाराला, कचेरीत, पाहुण्यांकडे सगळीकडे जात आला. इंग्रज साहेबांनी इथला हा सैल कपडा घरात आणि झोपताना घालायला घेतला, मायदेशी नेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे तो रात्रीचा कपडा म्हणून रुळला. मग तोच 'नाईट सूट' होऊन आपल्याकडे परत आला. ज्या कपड्यात आपले आजोबा ईदची नमाज पढायला जात, त्याच्या भावंडात आज कुणी दुकानात गेलं तर आपण म्हणतो, 'झोपेतून उठून आलास का?' कपडा जवळजवळ तोच, नजर तेवढी बदलली.

म्हणजे सभ्य कपडा कोणता, हे आभाळातून पडलेलं नाही. ते माणसं ठरवतात. कुठली माणसं ठरवतात आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे बघायला हवं.

काही उदाहरणं सांगते. 2014 साली नवी मुंबईत रबाळेजवळच्या गोठिवली गावात गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला 500 रुपये दंड, असा नियम झाला. तो केला होता गावातल्या महिला मंडळानेच. 2018 साली आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावात पंचांनी सकाळी सात ते संध्याकाळी सात नाईटी घालायला बंदी केली. दंड 2000 रुपये. जो खबर देईल त्याला 1000 रुपये बक्षीस. शेजारणीवर पाळत ठेवण्याची मजुरीच म्हणा ना! 2023 साली ग्रेटर नोएडातल्या एका अपार्टमेंटने रहिवाशांना पत्रक काढून सांगितलं की आवारात लुंगी आणि नाईटी घालून फिरू नका.

अशा बंदीला आपली वर्तमानपत्रं बिनदिक्कत 'फतवा' म्हणतात. फतवा म्हणजे कुणी प्रश्न विचारला तर मुफ्तीने दिलेलं मत. त्यात दंडाची पावती नसते. पण ते असो.

हे फक्त आपल्याच देशात घडतं असंही नाही. शांघायमधल्या जुन्या चाळीवजा गल्ल्यांत स्वयंपाकघर आणि संडास सामायिक, घरं लहान. तिथे लोक पायजम्यावर गल्लीत येत, भाजी आणायला जात. 2010 साली जागतिक प्रदर्शन भरणार म्हटल्यावर सरकारने मोहीम काढली, पायजमा घालून घराबाहेर पडू नका, पाहुणे काय म्हणतील! 2020 च्या जानेवारीत आन्हुई प्रांतातल्या सूझोउ शहराच्या प्रशासनाने पायजम्यात फिरणाऱ्या सात जणांचे कॅमेऱ्यातले फोटो नावानिशी जाहीर केले. लोक एवढे चिडले की प्रशासनाला माफी मागावी लागली. तिथे सरकारने केलं तेच आमच्या मोहल्ल्यात एका पोराने मोबाईलवर केलं. फरक इतकाच की आमच्याकडे माफी कुणी मागितली नाही.

आता बाई गाऊनवर बाहेर का येते, ते बघा. 'आळस', 'शरम राहिली नाही' ही उत्तरं मी खूप ऐकली. माझ्याकडे सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना मी विचारलं, तर त्यांनी मला सकाळचा हिशोबच सांगितला. साडेपाचला पाणी. सहाला दूध. मग डबे. सातला घंटागाडी, ती मिनिटभर थांबते आणि पुढे जाते, कचरा चुकला तर दिवसभर घरात. साडेसातला पोरांची रिक्षा. मध्येच मीठ संपलं म्हणून किराणा. आता मला सांगा, यातलं कुठलं काम 'बाहेर फिरणं' आहे? हे सगळं घरकाम आहे. नळ घरात नाही, कचऱ्याची सोय दारात नाही, म्हणून घरकाम रस्त्यावर आलं. घरकामाचा कपडा मात्र रस्त्यावर आलेला आपल्याला चालत नाही.

आणि गाऊन का? दोन-तीनशे रुपयांत मिळतो, नाडी नाही, परकर नाही, इस्त्री नाही. बाळाला पाजता येतं. बाळंतीण, पोटाचं ऑपरेशन झालेली, गुडघे धरलेली म्हातारी, सगळ्यांना सोसतो. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. कमरेची पट्टी उघडी राहणारी साडी सभ्य आणि नखशिखान्त झाकणारा गाऊन असभ्य, हा हिशोब अंग झाकण्याचा नाही. गाऊन बघणाऱ्याला फक्त बिछाना आठवतो, आणि त्या आठवणीचा दंड बाईने भरायचा.

आपल्या बायकांनी यावर तोड काढलेली आहे, तुम्हाला माहीत आहे. गाऊनवर बुरखा चढवायचा आणि निघायचं. बाहेरच्यांना वाटतं केवढी धार्मिक. तिला फक्त मीठ आणायचं असतं. ज्या तोंडाने आपण बुरख्यावर भाषणं करतो त्याच तोंडाने हेही समजून घेतलं पाहिजे.

आता पुरुषांकडे येऊ. गल्लीच्या तोंडावर बनियन-लुंगीत बसलेले चाचा, बर्म्युडा घालून चौकात गाडीवर बसलेली पोरं, यांचे फोटो कुठल्या गटावर येतात? दीनच्या नावाने बोलायचं तर पुरुषाचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. बायकांचा उल्लेख त्यानंतरच्या आयतीत येतो. आपण एकतिसावी पाठ केली आणि तिसावी सोडून दिली.

श्रीमंतांचंही वेगळंच असतं. विमानतळावर नटनट्या सैल पायजम्यात दिसतात, त्याची फॅशन म्हणून छापून येते. लॉकडाऊनमध्ये साहेब लोकांनी वर शर्ट आणि खाली पायजमा घालून मीटिंगा केल्या, त्याचे विनोद झाले. पण 2024 साली बेंगळुरूत एका वयस्कर शेतकऱ्याला धोतर घातलं म्हणून मॉलमध्ये सोडलं नाही. तो रात्रीचा कपडाही नव्हता, ठेवणीतला होता. तमिळनाडूत 2014 साली धोतर नेसलेल्या न्यायमूर्तींनाच एका क्लबने अडवलं, तेव्हा त्या राज्याने त्याच वर्षी कायदा केला की पारंपरिक पोशाखासाठी कुणाला क्लबात अडवायचं नाही. न्यायमूर्ती होते म्हणून कायदा झाला. नळावरच्या बाईसाठी कोण कायदा करणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या शिबिरांत वडीलधारी माणसं म्हणतात, 'बेटी, आपल्या वस्तीला लोक आधीच घाण म्हणतात. नीटनेटके कपडे घालून गेलो तरी भाड्याने घर मिळत नाही. तू गाऊनची वकिली कशाला करतेस?' या बोलण्यात दुखणं आहे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कमी लेखलं गेलं, त्यांच्यासाठी चांगला कपडा ही चैन नसते, ती मान ताठ करण्याची रीत असते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितलं की स्वच्छ राहा, उच्चवर्णीय बायकांसारखी लुगडी नेसा, जातीची खूण सांगणारे जुने दागिने टाका. बायकांनी ते ऐकलं, अमलात आणलं. मीही कचेरीत निवेदन द्यायला जाताना इस्त्रीचा ड्रेस घालते. मयतीला जाताना भडक घालत नाही. प्रसंगाचा मान ठेवणं ही माणुसकी आहे.

पण बाबासाहेबांच्या सांगण्यात आणि गावपंचांच्या बंदीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बाबासाहेबांनी बायकांना बोलावून त्यांच्याशी संवाद केला, त्यांची वाट मोकळी केली. दंडाची पेटी ठेवली नाही, खबऱ्याला बक्षीस लावलं नाही. आपल्या माणसाला समजावून सांगणं वेगळं आणि त्याच्या अंगावरच्या कपड्यावर पहारा बसवणं वेगळं. शिवाय वस्तीची अब्रू कचऱ्याच्या ढिगाने जाते, तुंबलेल्या गटाराने जाते. पहाटे हंडा उचलणाऱ्या बाईच्या गाऊनने ती कशी जाईल?

हे सगळं आपल्या चळवळीशी कसं जोडलेलं आहे, तेही सांगते. चेंबूरमधल्या एका महाविद्यालयाने 2024 साली हिजाब, नकाब, बुरखा, टोपीला मनाई केली. मुली उच्च न्यायालयात गेल्या. 26 जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर त्याच महाविद्यालयाने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टलाही मनाई केली. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. हिजाब 'जास्त' म्हणून नको, जीन्स 'कमी' म्हणून नको. मोजपट्टी एकाच हातात. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ लोकांनी 'माझा पोशाख, माझी निवड' असे फलक धरले. मी स्वतः धरला होता. तो फलक महाविद्यालयाच्या दारात खरा आणि आपल्या गल्लीच्या नळावर खोटा, असं चालणार नाही. हिजाबसाठी संविधान मागायचं आणि गाऊनसाठी गावपंचायत बसवायची, हा दुटप्पीपणा लोकांच्या लक्षात येतो. सगळ्यात आधी तो आपल्या मुलींच्या लक्षात येतो.

कायद्याचं थोडक्यात. 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पोशाखातून स्वतःची ओळख व्यक्त करणं हे संविधानाच्या कलम 19 मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. तो खटला तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता. आपल्याला कपड्याचं स्वातंत्र्य त्यांच्या लढ्यातून मिळालेलं आहे, हे विसरू नका. महिला मंडळ, जमात, पंच, सोसायटी यांना रस्त्यावरच्या कपड्यासाठी कुणाला दंड करण्याचा अधिकार नाही. दंड भरला नाही म्हणून कुणाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. 2017 पासून तो लागू आहे आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे.

पण पोलीस ठाण्याच्या आधी मोहल्ला आहे. म्हणून इथून जाताना तीन कामं घेऊन जा. आपापल्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणी बाईचा न विचारता काढलेला फोटो टाकला तर गप्प बसू नका. त्याच गटावर, सगळ्यांसमोर, 'हा काढून टाक' असं लिहा. पुरुष कार्यकर्त्यांनी आधी लिहावं, बायकांवर ढकलू नये. दुसरं, नळाची आणि घंटागाडीची वेळ यासाठी बायकांच्या सह्या घेऊन नगरपालिकेत अर्ज द्या. अर्ज द्यायला ती ज्या कपड्यात येईल त्या कपड्यात तिला सोबत न्या. तिसरं, जुम्म्याच्या खुत्ब्यात बायकांच्या कपड्यावर बोलणारे मौलाना तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना अदबीने विनंती करा की एका जुम्म्याला तिसाव्या आयतीवरही बोला.

गाऊन चांगला की वाईट, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मला स्वतःला बाहेर जाताना सलवार-कमीज बरा वाटतो. तो माझा प्रश्न आहे. पहाटे साडेपाचला कुणी काय घालावं हा तिचा प्रश्न आहे. नळाला पाणी दिवसा का येत नाही, हा मात्र आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.