सब्र करा, पण हक्क सोडू नका
(खारी, भाईंदर पूर्व येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



दोस्तांनो, बहिणींनो, आपल्यातले कितीतरी जण पहाटेच घर सोडतात. कोणी इथल्याच गाळ्यात कामाला जातं, कोणी लोकलने मुंबईला, कोणी बाईकवरून घोडबंदर रोडने ठाण्याला. वाटेत अपघात झाला की शेठ म्हणतो, "तो कामावर पोचलाच नव्हता, मी काय करू?" घरचे म्हणतात, "अल्लाहची मर्जी." सब्र करायलाच हवा. पण सब्र म्हणजे हक्क सोडणं नव्हे.

धाराशिव जिल्ह्यातली गोष्ट ऐका. साखर कारखान्यातला एक रखवालदार. पाळी पहाटे 3 ते सकाळी 11. 22 एप्रिल 2003 रोजी तो कामावर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे 5 किलोमीटरवर अपघातात गेला. 2009 मध्ये त्याच्या कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर झालं. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याची विधवा तरीही थांबली नाही. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

निकालाचा अर्थ सोपा आहे. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघातही कामातलाच धरता येतो. अट एकच: अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

हा संबंध दाखवायचा कसा? रखवालदाराची पाळी पहाटे 3 ची होती, म्हणून त्या वेळी तो त्या रस्त्यावर होता. तुमचंही तसंच. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि हॉस्पिटलच्या कागदात "कामावर जाताना" हे लिहून घ्या. नेमणूकपत्र नसेल तर पगाराचे मेसेज, शेठचे व्हॉट्सअ‍ॅप, सोबत्याची साक्ष उपयोगी पडते. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर दावा तिथे करायचा. नसेल तर मालकाला लेखी कळवा आणि भरपाईच्या अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. कामाचा पत्ता, पाळीची वेळ आणि पगाराच्या नोंदी आईच्या किंवा बायकोच्या फोनवर पाठवून ठेवा. त्या बाईला बावीस वर्षं लागली. आपल्या घरच्यांना तेवढी लागू नयेत.

खुदा हाफिज.